पाणीपट्टी वाढवा, पण आधी मीटर लावा

बुलढाणा शहराला पाणी येते पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून. खामगावला येते गेरू माटरगावच्या ज्ञानगंगा प्रकल्पातून. धरणातले पाणी पावसाचे, म्हणून ते फुकट असावे असे कुणालाही वाटेल. तोटीपर्यंत पोहोचायला मात्र त्याला बराच खर्च येतो. धरणातून उचललेल्या पाण्याचे बिल पाटबंधारे खाते पालिकेला लावते आणि त्याचे घाऊक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. त्यावर जॅकवेलच्या पंपांची वीज, फिल्टर प्लँटवरची तुरटी आणि क्लोरीन, व्हॉल्व्हमनचे पगार आणि सतत फुटणाऱ्या पाइपलाइनची दुरुस्ती.

यातल्या विजेचा हिशेब घरी बसून करता येतो. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज 135 लिटर हे केंद्राचे मानक आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण 20 हजार लिटर लागतील. हजार लिटर पाणी 100 मीटर उंच चढवायला, पंपातली ऊर्जेची तूट धरून, सुमारे 0.4 युनिट वीज लागते. म्हणजे एका घराच्या महिन्याच्या पाण्यासाठी आठ युनिट. हा आकडा मोठा नाही. पण वाटेत 40 टक्के पाणी गळाले किंवा चोरीला गेले, तर 20 हजार लिटर घरात पडण्यासाठी 33 हजार लिटर उचलावे लागते. वीज, तुरटी, धरणाचे बिल सगळेच त्या प्रमाणात वाढते. केंद्राच्या 2008च्या सेवा मानकांनुसार हा तोटा 20 टक्क्यांच्या आत हवा, प्रत्येक जोडणीला मीटर हवा आणि पाणीपुरवठ्याचा चालू खर्च पट्टीतून पूर्ण निघायला हवा.

आपल्याकडे मात्र मीटर नसलेल्या जोडणीला वर्षाची ठोक रक्कम लावण्याचा रिवाज आहे. अर्धा इंची कनेक्शन, वर्षाची पट्टी इतकी, मग पाणी कितीही वापरा. टिल्लू पंप लावून गच्चीवरच्या दोन टाक्या भरणारा बंगला आणि नळ आले की दोन कोठ्या भरून ठेवणारे चढावरचे घर, दोघांना बिल एकच. अशा ठिकाणी सरसकट दरवाढ केली की ती कमी पाणी मिळणाऱ्याच्या खिशातून जास्त पाणी ओढणाऱ्याला दिलेली मदत ठरते. हे मला उघड अन्यायाचे वाटते. तरीही दर वर्षानुवर्षे तसेच ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तूट घरपट्टीतून आणि अनुदानातून भरली जाते, दुरुस्ती पुढे ढकलली जाते, विजेचे बिल थकते. थकबाकीपोटी पाणी योजनेची वीज तोडली जाणे विदर्भाला नवे नाही. मग नळावर अवलंबून असलेली माणसेच टँकर आणि जार विकत घेतात, तेही पट्टीच्या कितीतरी पट दराने.

यातून मार्ग निघाल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि त्या गावाचे नावही मलकापूर. आपल्या जिल्ह्यातले नव्हे, कराडजवळचे. तिथे 2009च्या सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून घरोघर मीटर बसले आणि 24 तास पाणी सुरू झाले. दर टप्प्याटप्प्याचे ठेवले: कमी वापराला कमी दर, वापर वाढेल तसा प्रत्येक हजार लिटरचा दर चढता. नळाला कधीही पाणी आहे म्हटल्यावर साठवण्याची आणि शिळे म्हणून ओतून देण्याची गरज उरत नाही.

सांडपाण्याचा विचार तर आपण अजून फारसा केलेलाच नाही. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी गटारात जाते, असे भुयारी गटारांची आखणी करताना धरतात. मुंबईत जलआकाराच्या 70 टक्के मलनिःसारण आकार घेतला जातो. पाइप टाकायला शासनाचा निधी मिळतो. मलशुद्धीकरण केंद्राची रोजची वीज आणि माणसांचे पगार मात्र शेवटी पालिकेवरच येतात. आकार बसवला नाही तर केंद्र बंद पडते आणि मैला नाल्यात जातो. पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात उगम पावते. इथल्या नाल्यांनी जे सोडले ते खालच्या गावांना प्यावे लागते.

पट्टीत दरवर्षी थोडी वाढ केली तर ती पेलते. दहा वर्षांची एकदम अंगावर आली की मोर्चा निघतो. मुंबईने 2012 मध्ये वर्षाला कमाल 8 टक्के वाढीचे धोरण ठरवले होते. 2025च्या डिसेंबरमध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, दीर्घ प्रशासक-राजवटीनंतर सभागृहात पुन्हा नगरसेवक आले. दराचा प्रश्न आता त्यांना विचारता येतो. तुमच्या पालिकेने दरवाढीवर हरकती मागवल्या तर मुदतीत लेखी हरकत द्या. पाणीपुरवठ्याचा जमाखर्च वेगळा छापून मागा, गळती किती ते विचारा, मीटर कधी बसणार याची तारीख लिहून घ्या. ही तीन उत्तरे मिळाली तर वाढीव पट्टी वेळेवर भरा.