पावलातील मृत हाड आणि शस्त्रक्रिया

हाड मरते म्हणजे काय, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. हाड दगडासारखे निर्जीव आहे अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः हाडास रक्तवाहिन्या आहेत, त्याची झीज होते आणि ती भरूनही निघते. हा रक्तपुरवठा तुटला की तेवढा भाग मरतो. डॉक्टर ह्यास ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ म्हणतात. जंतूंमुळे हाड सडणे ही गोष्ट निराळी; येथे पू नसतो, बहुधा तापही नसतो.

पावलात ह्या विकाराचे मुख्य ठाणे म्हणजे टॅलस, म्हणजे नडगी आणि टाच ह्यांच्यामध्ये बसलेले घोट्याचे हाड. सबंध शरीराचा भार त्यावरून खाली उतरतो. परंतु त्यास एकही स्नायू चिकटलेला नाही आणि त्याचा अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला आहे. रक्तवाहिन्यांना आत शिरण्यास वाट थोडी, आणि हाडाची मान मोडली की तीही तुटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमान कोसळून वैमानिकांचे हे हाड मोडत असे, म्हणून १९१९ साली अँडरसन ह्यांनी त्यास ‘वैमानिकाचा घोटा’ अशा अर्थाचे नाव दिले. आज बहुतेक दुखापती वाहनांच्या अपघातांच्या किंवा उंचावरून पडण्याच्या असतात. अपघात नसतानाही, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे, अतिमद्यपान किंवा सिकलसेलसारखा रक्तविकार ह्यांमुळे हे घडू शकते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हाड मेले म्हणून ते त्या क्षणी ढासळत नाही. शरीर मृत भाग पोखरून तेथे नवे हाड घालू लागते, आणि ह्या जुन्या-नव्याच्या संधिकाळातच ते भाराखाली चेपते. टॅलसच्या बाबतीत हे काम दोन-तीन वर्षेही चालू शकते. म्हणून रोग्याने शस्त्रवैद्यास प्रथम विचारावयाचे ते हे की, हाडाचा आकार अद्याप शाबूत आहे की नाही? पुढचा बहुतेक निर्णय ह्यावरच ठरतो.

अस्थिभंगानंतर सहा ते आठ आठवड्यांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रात कूर्चेखाली काळपट रेघ दिसली तर ती शुभचिन्ह समजतात. रक्त पोहोचत असलेले हाडच विश्रांतीत विरळ होते. मृत हाडास तेही साधत नाही. हॉकिन्स ह्यांनी १९७० साली हे चिन्ह वर्णिले. ती रेघ दिसली नाही म्हणून हाड मेलेच असे मात्र नाही. शंका असल्यास एम. आर. आय. तपासणी अधिक लवकर आणि स्पष्ट सांगते.

आकार शाबूत असेल तर हाडात बारीक छिद्रे पाडतात. त्यामुळे आतील दाब कमी होतो आणि नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. शस्त्रक्रिया लहान, परंतु हाड चेपल्यावर तिचा उपयोग थोडाच. काही ठिकाणी रक्तवाहिनीसह हाडाचा जिवंत तुकडा आणून बसवितात. ते काम फार कौशल्याचे, आणि सर्वत्र होणारे नव्हे.

हाड चेपले, सांधा झिजला आणि वेदना असह्य झाली, म्हणजे सांधा जोडून टाकणे हा जुना आणि खात्रीचा मार्ग. मृत भाग खरवडून काढतात, कमरेच्या हाडाचा चुरा भरतात आणि स्क्रूंनी किंवा टाचेतून वर घातलेल्या सळईने सर्व पक्के करतात. १९४३ साली ब्लेअर ह्यांनी नडगीच्या पुढील भागाची पट्टी सरकवून टॅलसच्या मानेशी जोडण्याची रीत दाखविली. वेदना बहुधा जाते आणि सपाट रस्त्यावर माणूस बरा चालतो. पण उकिडवे बसणे संपते. शेतात खुरपणाऱ्यास किंवा घरी भारतीय पद्धतीचा संडास असणाऱ्यास ह्याचा अर्थ काय, हे शस्त्रक्रियेपूर्वीच बोलून घ्यावे. धूम्रपान करणाऱ्याचे हाड उशिरा जुळते, कधी जुळतही नाही. तेव्हा विडी आधी सोडावी.

हालचाल राखण्यासाठी कृत्रिम टॅलसही बसवितात. थायलंडमध्ये १९७४ पासून धातूचे आणि पुढे जपानात सिरॅमिकचे असे हाड वापरले गेले. दुसऱ्या पायाच्या चित्रावरून मापाबरहुकूम छापलेल्या धातूच्या टॅलसला अमेरिकेने २०२१ साली मर्यादित परवानगी दिली. तरुण माणसात ते किती दशके टिकेल, हे काळच ठरवील.

पावलाच्या पुढील भागातही हा विकार होतो. दुसऱ्या बोटामागील लांब हाडाचे डोके चेपते. वाढत्या वयाच्या मुलींत हे अधिक. फ्रायबर्ग ह्यांनी १९१४ साली ते प्रथम वर्णिले. बूट-चप्पल बदलून व विश्रांतीने भागले नाही, तर हाडाची वरच्या बाजूने पाचर काढून खालची निरोगी कूर्चा सांध्यासमोर फिरवून आणतात. युक्ती साधी आणि फार सुंदर!

चार ते सात वर्षांच्या मुलात पावलाच्या कमानीतील होडीच्या आकाराचे हाड असेच दुखू लागले, तर मात्र आईबापांनी घाबरून शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये. कोहलर ह्यांनी १९०८ साली सांगितलेला हा विकार काही आठवड्यांच्या प्लास्टरने शमतो, आणि ते हाड पुढे आपोआप पूर्ववत भरते.