द्राक्षाच्या घडामागील शास्त्रे
कृषी शिक्षणाच्या विविध वाटा

"शेती शिकायला महाविद्यालय कशाला?" हा प्रश्न ग्रामीण भागात आजही विचारला जातो. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाभर आणि कुळव चालत आला, तेथे तो स्वाभाविकही आहे. त्याचे उत्तर द्राक्षाच्या एका घडात सापडते.

सन २०१० मध्ये युरोपला निर्यात झालेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अवशेष तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळले. माल अडला आणि खरड छाटणीपासून राबलेल्या बागायतदारांना मोठा आर्थिक फटका बसला. फळ दिसण्यात निर्दोष होते; दोष होता तो डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म अंशात. केवळ अनुभवाच्या बळावर तो ओळखणे शक्य नव्हते. तेथे रसायनशास्त्र जाणणारा माणूस आणि प्रयोगशाळाच हवी होती.

एक पीक, अनेक शास्त्रे

क्षारयुक्त जमिनीत वेल तग धरावा म्हणून कोणता खुंट वापरावा, हे मृदाशास्त्र आणि उद्यानविद्या सांगते. केवडा आणि भुरी यांचा प्रादुर्भाव कोणत्या हवामानात वाढेल, याचा अंदाज वनस्पतिरोगशास्त्रज्ञ देतो. ठिबक संच आणि शीतगृह यांची आखणी कृषी अभियंता करतो. बेदाणा आणि रस हे अन्नतंत्रज्ञाचे क्षेत्र, तर कोणत्या बाजारात केव्हा माल पाठवावा, हा कृषी अर्थशास्त्राचा विषय होय. पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अशा अनेक शाखांचे शास्त्रज्ञ एकाच पिकासाठी काम करतात.

शिक्षणाची सोय

राज्यात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. पशुवैद्यक, दुग्धतंत्रज्ञान व मत्स्यविज्ञान या शाखांसाठी नागपूर येथे २००० मध्ये स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. कृषी पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून पशुवैद्यकाचा, एका वर्षाच्या आंतरवासितेसह, साडेपाच वर्षांचा आहे. दहावीनंतर कृषी पदविकेचीही वाट खुली आहे.

शासनाचा कृषी विभाग, बँका, बियाणे व सिंचन उद्योग, संशोधन संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या ही नोकरीची क्षेत्रे होत. शासकीय पदे मर्यादित आहेत आणि प्रत्येक पदवीधर अधिकारी होईल, अशी आशा दाखविणे योग्य नव्हे. रोपवाटिका, माती-पाणी परीक्षण, फळप्रक्रिया अशा स्वतंत्र व्यवसायांचा विचार विद्यार्थ्याने प्रारंभापासूनच करावयास हवा.

वेळेवर मार्गदर्शन

खरा अडसर बहुधा दहावीनंतर निर्माण होतो. अकरावीस विज्ञान शाखा न घेतल्यास यांपैकी बहुतेक पदव्यांची वाट बंद होते. त्यातही कृषी अभियांत्रिकीकडे जाऊ इच्छिणाऱ्यास गणित, तर पशुवैद्यकाकडे जाऊ इच्छिणाऱ्यास जीवशास्त्र सोडून चालत नाही. हे बारावीच्या निकालानंतर कळून उपयोग नसतो. विशेषतः ज्या घरातून प्रथमच एखादी मुलगी वा मुलगा महाविद्यालयात जाणार आहे, तेथे ही माहिती शिक्षकाखेरीज दुसरे कोण देणार?

या कामी ग्रामपंचायतींनाही सहज हातभार लावता येईल. कृषी पदवीचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावोगावी येतात. मातीचा नमुना कसा घ्यावा, बीजप्रक्रिया कशी करावी, याची प्रात्यक्षिके दाखवितात. अशा एखाद्या प्रात्यक्षिकास गावच्या नववी-दहावीच्या वर्गाला आवर्जून बोलवावे. आपल्याच शिवारातील मूठभर मातीत केवढे शास्त्र दडले आहे, हे मुलांनी विषय निवडण्यापूर्वी पाहिले, तर शेतीशास्त्राकडे नाइलाजाने नव्हे, आवडीने वळणारे विद्यार्थी गावोगाव तयार होतील.