लाईट जाणार आहे, मग सर्व्हर कधी आणि कसा बंद करायचा?

‘उद्या सकाळी १० ते दुपारी २ वीजपुरवठा बंद राहील.’ महावितरणचा असा मेसेज पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या गावात कुणाला नवा नाही. घरी पाण्याची टाकी भरून ठेवली की काम झालं. पण एखाद्या पतसंस्थेत किंवा कॉम्प्युटर क्लासमध्ये एकाच सर्व्हरवर पंधरा-वीस जण काम करत असतात. तिथे बटण एक जण दाबतो आणि काम सगळ्यांचं जातं.

कारण ‘सेव्ह’ केलेली माहिती त्याच क्षणी डिस्कवर जातेच असं नाही. वेग मिळावा म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम ती थोडा वेळ मेमरीत ठेवते, मग लिहिते. नेमकी तेव्हाच वीज गेली तर नोंद अर्धवट राहते. आताच्या फाईल सिस्टीम बदलांची वेगळी नोंद ठेवतात, त्यामुळे डिस्क बहुतेक वेळा सावरते. अर्धा भरलेला फॉर्म मात्र परत येत नाही.

म्हणूनच लिनक्समध्ये ‘शटडाऊन’ कमांड मुदत घालून देता येते. ॲडमिनने १५ मिनिटं आणि एका ओळीचा निरोप लिहिला, की टर्मिनलवर लॉगिन असलेल्या प्रत्येकाला तो दिसतो. शेवटची ५ मिनिटं उरली की साध्या युजरचं नवीन लॉगिन बंद होतं. बाजार आमटीसाठी ओळखल्या जाणाऱ्या करकंबला हे वेगळं समजवायला नको. शेवटच्या पंगतीत नवीन पान मांडत नाहीत, बसलेल्यांना मात्र उरकायला वेळ देतात.

वेळ संपली की चालू प्रोग्रॅमना आधी ‘आवरा’ असा सिग्नल जातो. ठरलेल्या वेळेत, बऱ्याच लिनक्समध्ये ९० सेकंदांत, जो आवरत नाही त्याला सक्तीने बंद केलं जातं. म्हणून मोठा डेटाबेस आधी स्वतंत्रपणे बंद केलेला बरा.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. ब्राउझरमधून काम करणाऱ्याला टर्मिनलवरचा निरोप दिसत नाही, त्याला फोन करावा लागतो किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगावं लागतं. दुसरं म्हणजे, विंडोजमध्ये मुदत देऊन शटडाऊन लावला तर वेळ संपल्यावर उघडे प्रोग्रॅम सक्तीने बंद होतात. सेव्ह न केलेली फाईल गेलीच म्हणायची.

वेळ निवडताना गर्दी टाळायची. आयआरसीटीसीचं बुकिंगही रोज रात्री ११:४५ ते १२:२० बंद असतं, ते याच हिशोबाने. आपल्या सर्व्हरवर रात्री बॅकअप चालत असेल, तर तो संपल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि यूपीएस २० मिनिटं टिकतो म्हणून लाईट गेल्यावर १५ मिनिटांची मुदत देणं धोक्याचं आहे. बॅटरी जुनी झाली की ती २० मिनिटं कागदावरच राहतात.

महावितरणने ऐनवेळी काम पुढे ढकललं तर? लिनक्स आणि विंडोज दोन्हींत लावलेला शटडाऊन रद्द करता येतो. फक्त ‘रद्द झालं’ हेही त्याच ग्रुपवर कळवावं लागतं, नाहीतर लोक काम आवरून घरी निघालेले असतात.