मोहफुलांवरचा पहारा

मोहाचं फूल गळतं ते पहाटे. मार्च-एप्रिलात गडचिरोलीच्या गावांतल्या बाया-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन रानात निघतात. उशीर झाला तर गुरं फुलं खाऊन टाकतात, आणि अस्वल तर कधी सगळ्यांच्या आधीच झाडाखाली हजर. ताजं फूल फिकट पिवळं, मऊ, हाताला चिकटणारं. सारवलेल्या अंगणात वाळलं की मनुक्यासारखं तपकिरी होतं. घरातलं धान्य सरत आलं की हीच फुलं उकडून, भाजून, तिळासोबत कुटून पोटाला आधार देत. बियांचं तेल दिव्याला आणि भाजीला. दारूही गाळली जाई, तिच्यावाचून लग्न आणि देवकार्य अडे.

इंग्रज सरकारला मात्र यातली दारू तेवढी दिसली. 1878 साली वनकायदा आला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यात अबकारी कायदाही. रान आणि घोट, दोन्ही एकाच वर्षी ताब्यात! पुढे दारूवरचा कर बुडू नये म्हणून 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचाच कायदा झाला. तिथल्या वारली, कातकरी आदिवासींनी घरात साठवलेलं खाणं आता गुन्ह्याचा ऐवज ठरू लागलं. इंग्रज गेले, दृष्टी तीच राहिली: 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर निर्बंध होतेच.

दारूबंदी मागणाऱ्यांना मी मोडीत काढत नाही. गडचिरोलीत 1993 साली बंदी आली ती लोकांनी, विशेषतः बायांनी, रेटा लावला म्हणून. पण दारूला विरोध करणारी बाई आणि फुलं वेचणारी बाई बहुतेक एकच असते, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने मोहफुलांसारख्या गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. 2009 मध्ये गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथला गाजावाजा झाला तो बांबूचा. मोहफुलं गोळा करायला, साठवायला आणि वाहून न्यायला राज्य सरकारने मोकळीक दिली ती थेट 2021 मध्ये.

या सगळ्या ओढाताणीत झाडाकडे कोणी पाहिलं नाही. वनखात्याने लावला तो साग. गावाने जुने मोह राखले, पण नवे वाढू दिले नाहीत, हेही खरंच. फूल दिसावं म्हणून खालचा पाचोळा पेटवला जातो. त्यात रोपं जळतात, कधी वणवाही लागतो. वाचलेलं रोप शेळी खाते, बी तेलासाठी जाते. मग मोठाली झाडं उभी दिसतात, कमरेएवढं एखादं शोधावं लागतं. मध्य भारतात काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी बांधून फूल वरच्यावर झेलतात. तिथे पाचोळा जाळावा लागत नाही.