रेषा अक्षाला कुठे छेदते? – दुकानाच्या उदाहरणातून



नववीत ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सुरू झाली की एक चूक हमखास दिसते. रेषा क्ष-अक्षाला कुठे छेदते ते काढा म्हटलं की मुलं क्ष = ० ठेवतात. नाव क्षचं आहे, मग शून्यही क्षच, असं त्यांना वाटतं. "अरे, उलटं ठेवायचं!" असं आपण सांगतो. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेत पुन्हा गोंधळतात. म्हणून नियम सांगण्याआधी दुकानात जाऊया.

वही २० रुपयांना, पेन १० रुपयांना आणि हातात ६० रुपये. सगळे पैसे संपवायचे. वह्या क्ष आणि पेन य मानले तर समीकरण होतं:

२०क्ष + १०य = ६०

आता मुलांना विचारा, "सगळ्या पैशांच्या वह्याच घेतल्या तर?" लगेच उत्तर येतं, ३ वह्या. "मग पेन किती?" शून्य! म्हणजेच य = ० आणि बिंदू (३, ०). नुसते पेन घेतले तर ६ येतात, वह्या शून्य, बिंदू (०, ६).

हे दोन बिंदू आलेख कागदावर दाखवा. क्ष-अक्षावर चालताना आपण वर-खाली जातच नाही, म्हणून तिथे य नेहमी शून्य असतो. य-अक्षावर डावीकडे-उजवीकडे सरकत नाही, म्हणून तिथे क्ष शून्य. इथे क्ष-आंतरछेद ३ आणि य-आंतरछेद ६.

दोन्ही बिंदू पट्टीने जोडले की रेषा तयार. पडताळ्यासाठी तिसरा बिंदू घ्यावाच. १ वही, ४ पेन घेतले तर २० + ४० = ६०. (१, ४) रेषेवर आला म्हणजे काम बरोबर.

आता वजा चिन्हाचं उदाहरण: ३क्ष − २य = ६
य = ० ठेवलं तर ३क्ष = ६, क्ष = २. बिंदू (२, ०).
क्ष = ० ठेवलं तर −२य = ६, य = −३. बिंदू (०, −३).
इथे वजा चिन्ह विसरून मुलं य = ३ लिहितात. किंमत मूळ समीकरणात परत ठेवायला लावा, चूक त्यांची त्यांनाच सापडते.

दोन ठिकाणी ही युक्ती अडते, तेही सांगून ठेवा. २क्ष − य = ० मध्ये दोन्ही वेळा (०, ०) हाच बिंदू मिळतो. एका बिंदूवरून रेषा ठरत नाही, म्हणून क्ष = १ ठेवून (१, २) घ्यावा. आणि क्ष = ४ ही रेषा य-अक्षाला समांतर आहे, ती त्याला छेदतच नाही.

मूल अडलं की "उलटं ठेव" म्हणू नका. एवढंच विचारा, "या अक्षावर उभा असताना कोण शून्य आहे?" घरी एकदा करून बघा.