बाप कागलला, पोरं निपाणीत: पोटगी वसूल करायची कुणी आणि कशी?

निपाणीतून निघालेली एसटी कोगनोळीची हद्द ओलांडून कागलला पोहोचायला तासभरही लागत नाही. सोयरिकी तर त्याहून जुन्या. माहेर निपाणीत आणि सासर कागल, इचलकरंजी नाहीतर गडहिंग्लजला, किंवा सासर बेळगावात आणि माहेर चंदगडला, अशी घरं या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. संसार मोडला की मात्र हेच अंतर एकदम लांब होतं. आई पोरांना घेऊन माहेरी येते, बाप पलीकडच्या राज्यात राहतो आणि गावात कुणीतरी सांगून टाकतं, "कर्नाटकातली ऑर्डर महाराष्ट्रात चालत नाही." हे साफ चूक आहे. तरीही याच समजुतीपायी अनेक बायका अर्जसुद्धा करत नाहीत.

अमेरिकेत 1975 च्या कायद्यानंतर प्रत्येक राज्यात मुलांच्या पोटगीसाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभी राहिली. बापाचा पत्ता शोधायचा, रक्कम ठरवून घ्यायची, पगारातून ती परस्पर कापून घ्यायची आणि बाप दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या कार्यालयाकडून वसुली करायची, ही सगळी तिची कामं. आपल्याकडे असं कार्यालय नाही. इथे ते काम चार-पाच ठिकाणी वाटलं गेलंय. कौटुंबिक न्यायालय, तालुक्याचं कोर्ट, विधी सेवा समिती, महिला व बालकल्याण खात्याचा संरक्षण अधिकारी आणि वॉरंट बजावणारे पोलीस, अशी ही यादी. यांतला कुणीच पूर्ण प्रकरण हातात धरत नाही. त्यामुळे विधी सेवा समितीचा नवा स्वयंसेवक असो की नव्याने चार्ज घेतलेला संरक्षण अधिकारी, सुरुवातीलाच त्याला सगळा रस्ता माहीत असावा लागतो. माहीत नसेल तर तो बाईला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवत राहतो.

कलमाचा नंबर बदलला, हक्क तोच

वर्षानुवर्षं "125 ची केस" हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि 125 चं 144 झालं. अर्ज कुठे करायचा ते 145 मध्ये, रक्कम बदलून घ्यायचं 146 मध्ये आणि ऑर्डरची अंमलबजावणी 147 मध्ये आहे. नवीन माणसाने दोन्ही नंबर लिहून ठेवलेले बरे, कारण आधीपासून चालू असलेली प्रकरणं जुन्याच कलमाखाली पुढे जातायत.

कलम 144 खाली मूल औरस की अनौरस हा भेद नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या या मुलखात ही बाब फार मोलाची आहे. देवदासी प्रथेवर इथे 1934 चा मुंबई प्रांताचा कायदा होता, पुढे 1982 चा कर्नाटकाचा आला. पण त्या बायकांच्या पोरांना बापाकडून खर्च मागण्याचा हक्क पोटगीच्या कलमातच होता, आणि तो 1898 च्या जुन्या संहितेपासून आहे. अडचण हक्काची नाही, बाप कोण हे सिद्ध करण्याची आहे. लग्नाच्या नात्यात जन्मलेलं मूल कायदा नवऱ्याचंच धरतो. लग्नाबाहेरच्या मुलासाठी मात्र जन्मदाखला, शाळेचा दाखला, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि साक्षीदार गोळा करावे लागतात.

धर्माचाही भेद नाही. मुस्लिम बापावर अल्पवयीन मुलांना पोसायची जबाबदारी याच कलमाखाली राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केलंय. मुलीच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. अठरा पूर्ण झाली आणि लग्न झालेलं नाही, अशी हिंदू मुलगी या कलमाखाली पुढे मागू शकत नाही. तिने 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली मागायचं, असा 2020 चा निकाल आहे. मूल अपंग असेल आणि स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तर अठरानंतरही 144 लागू राहतं.

अर्ज कुठे?

जिथे आई-पोरं राहतात तिथेच. बाप कागलचा आहे म्हणून कागलला हेलपाटे घालायची गरज नाही. बाप जिथे आहे तो जिल्हा, बायको राहते तो जिल्हा, दोघं शेवटी एकत्र राहिले तो जिल्हा, यांपैकी कुठेही अर्ज चालतो. बेळगावात आणि कोल्हापुरात कौटुंबिक न्यायालयं आहेत. त्यांची हद्द जिथे पोहोचत नाही, तिथे तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो.

आता कागदपत्रांचं. बाईच्या आधारवर बहुतेक वेळा सासरचा पत्ता असतो आणि समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो. दोन दिवस माहेरी राहून अर्ज टाकला असं वाटू नये म्हणून मुलांच्या निपाणीतल्या शाळेचा दाखला, घरमालकाचा किंवा वडिलांचा जबाब, दवाखान्याचे कागद असं काहीतरी सोबत हवं. शाळेचा बोनाफाइड यात सगळ्यात भक्कम.

बापाला समन्स पाठवणं हा दुसरा अडथळा. बाहेरच्या हद्दीतलं समन्स तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत जातं आणि "सदर इसम मिळून आला नाही" असा शेरा मारून परत येतं. अशा वेळी नुसतं गाव देऊन भागत नाही. गल्ली, कारखान्याचं नाव, शिफ्टची वेळ, मोबाइल नंबर, सगळं अर्जात घालायचं. मुद्दाम टाळतोय हे कोर्टाला पटलं तर एकतर्फी निकाल होऊ शकतो. तो रद्द करून घ्यायला बापाला तीन महिन्यांची मुदत असते. दरम्यानच्या खर्चासाठी अंतरिम अर्ज वेगळा करावा लागतो. तो नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली निघावा असं कायदा म्हणतो. "शक्यतो" या शब्दाचा अर्थ सीमाभागात काय होतो, ते तारखा मोजणाऱ्या बायकांना विचारावं.

रक्कम ठरते कशी

2001 पर्यंत कलमातच महिना 500 रुपयांची मर्यादा होती, ती काढली गेली. आज ठरलेलं कोष्टक नाही. बापाची मिळकत, त्याच्यावरचे इतर बोजे आणि मुलांची गरज बघून न्यायाधीश आकडा ठरवतात. आई विड्या वळून किंवा शिवणकाम करून चार पैसे मिळवते म्हणून बाप सुटत नाही.

इथे 4 नोव्हेंबर 2020 चा रजनीश विरुद्ध नेहा हा निकाल हाताशी हवा. प्रकरण मूळचं नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. तिथे आईला महिना 15,000 आणि मुलाला आधी 5,000, नंतर 10,000 रुपये अंतरिम पोटगी ठरली होती. बाप लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून देशभरासाठी नियम निघाले. दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचंच, आणि पोटगी ऑर्डरच्या नव्हे तर अर्जाच्या तारखेपासून धरायची. शेतकऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा नमुना वेगळा दिलाय, आणि या भागात तोच जास्त लागतो.

तंबाखू, ऊस, गूळ, यंत्रमाग. मिळकत रोखीत आणि कागदावर शून्य. "मला काही कामधंदा नाही" हे वाक्य प्रत्येक लेखी जबाबात असतंच. म्हणून कागद आपणच काढायचे. महाराष्ट्रातल्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ, कर्नाटकातल्या जमिनीची पहाणी, दोन्ही ऑनलाइन मिळतात. कुणाची जमीन हद्दीच्या दोन्ही बाजूंना असते, तेव्हा एकच उतारा काढून थांबू नये. ऊसबिल ज्या खात्यात जमा होतं ते बँक खातं, गाडीची नोंदणी, गटाचं कर्ज, यांतूनही मिळकत दिसते.

हद्द ओलांडून वसुली

कलम 147 सांगतं की पोटगीची ऑर्डर ज्याच्या विरोधात आहे तो माणूस जिथे असेल, तिथला कोणताही न्यायदंडाधिकारी ती अमलात आणू शकतो. बघायचं एवढंच, की माणसं तीच आहेत आणि पैसे दिलेले नाहीत. म्हणजे निपाणीची ऑर्डर घेऊन कागलच्या कोर्टात वसुलीचा अर्ज करता येतो. ऑर्डरची प्रत बाईला फुकट मिळायला हवी, तीही कायद्यानेच. ऑर्डर कन्नडमध्ये असेल तर मराठी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत लावावं, नाहीतर पहिली तारीख त्यातच जाते. उलट्या दिशेलाही हेच. कोल्हापूरच्या मराठी ऑर्डरला बेळगावात कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर लागणार. भाषेचा वाद कुठलाही असो, पोरांच्या शाळेची फी त्याच्यासाठी थांबत नाही.

दुसरी वाट मालमत्तेची. थकलेली पोटगी दंडासारखी वसूल होते. जंगम मालमत्तेच्या जप्तीचं वॉरंट दुसऱ्या जिल्ह्यात चालवायचं तर तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा शेरा लागतो. जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. तरीही पैसे आले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. "जेल भोगली, आता देणं संपलं" असं सांगणारे बाप बरेच. ते खरं नाही. कैद हा दबाव आहे, फेड नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच म्हटलंय.

बाप नोकरीत असेल, म्हणजे कागलच्या एमआयडीसीत किंवा उद्यमबागच्या फाउंड्रीत, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची वाट जास्त उपयोगी पडते. त्या कायद्याखाली मालकाला पगारातला हिस्सा थेट बाईला द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगता येतं आणि ती ऑर्डर देशभर लागू असते. यासाठी हिंसाचाराची तक्रार मात्र खरी आणि मांडलेली हवी. कर्नाटकात या कायद्याखालचा संरक्षण अधिकारी बहुधा सीडीपीओ असतो. त्यांच्याकडे अंगणवाड्यांपासून सगळं असल्याने पाठपुरावा बाईलाच करावा लागतो, हेही सांगून टाकलेलं बरं.

वकिलाच्या फीचा प्रश्न येऊ नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली बाई आणि मूल यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, दोन्ही राज्यांत. फोन नंबर 15100. केस दाखल झाली की 16 अक्षरी सीएनआर नंबर मागून घ्यायचा. त्यावर तारीख मोबाइलवर दिसते आणि नुसती तारीख विचारायला बेळगावला जायची फेरी वाचते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते एका मुदतीमुळे. हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही. हक्क बुडत नाही, पण मग दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता उरतो. मध्यस्थ मंडळी "दिवाळीनंतर बघू, ऊसबिल आल्यावर देतो" म्हणत असतात, आणि त्यात वर्ष सरतं. म्हणून बैठका चालू असल्या तरी अर्ज टाकून ठेवायचा. समेट झाला तर तो मागे घेता येतो. आणि एका वहीत महिना, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम आणि तारीख लिहीत जायचं. रोख दिलेत असा बापाचा दावा आला की पासबुकासोबत हीच वही कामाला येते.