ठिपकेदार सातभाई

ठिपकेदार सातभाई हा दाट झुडपी जंगलात राहणारा आणि मुख्यतः जमिनीवर भक्ष्य शोधणारा गायक पक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव पेलोर्नियम रुफिसेप्स असून त्याचा समावेश पेलोर्निडी कुलात होतो. विल्यम स्वेन्सन या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८३२ मध्ये त्याचे वर्णन केले. ‘रुफिसेप्स’ म्हणजे तांबूस डोक्याचा.

ओळख

हा पक्षी आकाराने सुमारे १५ सें.मी. असतो. पाठ तपकिरी, डोक्याचा माथा तांबूस व भुवई फिकट असते. गळा पांढरा असून छातीवर व कुशीवर गडद तपकिरी रेघोट्या असतात. पाय गुलाबी असतात. नर व मादी सारखेच दिसतात.

साम्य व फरक

तांबूस माथा व पांढरा गळा तांबूस पोटाच्या सातभाईतही आढळतो. परंतु तो आकाराने लहान असून त्याच्या छातीवर रेघोट्या नसतात. म्हणून छाती दिसल्याशिवाय ओळख पक्की मानू नये. नावात ‘सातभाई’ असले, तरी हा पक्षी रानातल्या सातभाईंप्रमाणे गोंगाट करीत थव्याने हिंडत नाही. तो बहुधा एकटा किंवा जोडीने वावरतो.

आवाज

दाट झुडपांमुळे हा पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. त्याची शीळ दोन-तीन स्वरांची, स्पष्ट व वारंवार येणारी असते. विणीच्या काळात तो लांबलचक गाणेही गातो. झाडोऱ्यात वाळक्या पानांची खसखस ऐकू आल्यास जमिनीलगत पाहावे; पाने उलटून तो कीटक शोधत असतो.

आढळ

हिमालयाचा पायथा, पश्चिम व पूर्व घाट तसेच आग्नेय आशियात हा पक्षी आढळतो. महाराष्ट्रात कर्नाळा पक्षी अभयारण्य व मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथे तो दिसतो.

वीण

वीण प्रामुख्याने पावसाळ्यात होते. झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीवरच, वाळकी पाने व काड्यांचे गोल घरटे बांधतात. त्याचे तोंड बहुधा उताराच्या दिशेला असते. मादी २ ते ५ अंडी घालते. धोका जाणवल्यास पक्षी उडून न जाता उंदरासारखा जमिनीवरून सरकत दूर जातो.

अधिवासाचे महत्त्व

या पक्ष्याचे अन्न व घरटे दोन्ही पालापाचोळ्यात असते. त्यामुळे वृक्ष राखले, परंतु खालची झुडपे तोडली किंवा पाचोळा जाळला, तर जंगल उभे असूनही त्याचा अधिवास नष्ट होतो.